मिनी डाळ मिल टाकायची आहे? बँकेच्या आधी स्वतःसाठी प्लॅन लिहा

तुरीची मळणी उरकली की दरवर्षी गावागावात एकच विषय निघतो. बाजार समितीत तूर पडत्या भावात घालवायची आणि किराणा दुकानातून तीच डाळ चढ्या भावाने आणायची, त्यापेक्षा गावातच मिनी डाळ मिल टाकू. विचार चुकीचा नाही. पण इथून पुढे बहुतेक जण थेट दोन ठिकाणी जातात, एक मशीनवाल्याकडे आणि दुसरं प्रोजेक्ट रिपोर्ट करून देणाऱ्याकडे. मशीनवाला सांगतो, तासाला एवढे क्विंटल निघते. रिपोर्टवाला तोच आकडा धरतो, दिवसाचे आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस गुणतो आणि खाली लाखाचा नफा दाखवून देतो. कागद छान दिसतो, बँकेत जमाही होतो. हप्ता मात्र रिपोर्टवाल्याला भरायचा नसतो.

म्हणून हा लेख. डाळ मिलचं उदाहरण घेतलं आहे कारण आपल्याकडे तूर घरोघर आहे. पण पिठाची गिरणी असो, मिरची कांडप, लाकडी तेलघाणा की शेवया मशीन, हिशेबाची रीत हीच. खालचे भाव, मजुरी, मशीनची किंमत हे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावचे आकडे वेगळे असणार, ते तुम्ही विचारून घालायचे. दोनशे पानी वही आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढं साहित्य पुरेसं आहे.

आधी गिऱ्हाईक मोजा, मशीन नंतर

गावात दोन प्रकारे डाळ मिल चालते. एक, शेतकरी आपली तूर घेऊन येतो, आपण मजुरी घेऊन डाळ करून देतो. दुसरं, आपण स्वतः तूर विकत घेतो आणि डाळ विकतो. सुरुवात बहुतेक जण मजुरीच्या कामाने करतात, कारण त्यात माल दुसऱ्याचा असतो. तर मजुरीचंच काम आधी मोजू.

पाच माणसांचं घर वर्षाच्या डाळीसाठी किती तूर बाजूला ठेवतं? कुणी पन्नास किलो ठेवतं, कुणी लेकीबाळींना द्यायची म्हणून क्विंटलभर. सरासरी ७५ किलो धरू. आता तुमच्या गावात २५० उंबरे असतील आणि अगदी सगळे तुमच्याकडे आले (येत नसतात, पण धरू), तरी काम होतं १८७ क्विंटलचं. हा आकडा वहीत पहिल्या पानावर लिहा.

मग आजूबाजूची गावं धरा. पाच-सहा किलोमीटरच्या आतली गावं घ्यायची, त्यापुढचा माणूस मोटारसायकलवर पोतं टाकून येत नाही. त्या गावांत आधीच कुठे मिल आहे का? असेल तर तिथे चक्क जाऊन बसा. एप्रिल महिन्यात एक दिवस बसलात तर किती पोती आली, किती वेळ थांबावं लागलं, लोक कशावरून कुरकुर करतात, सगळं कळतं. मजुरी किती घेतात ते विचारायची गरजच नाही, भिंतीवर लिहिलेलंच असतं. लोक रांगेत दोन-दोन दिवस थांबत असतील तर दुसऱ्या मिलला जागा आहे. मिलवाला खाटेवर झोपलेला असेल तर परत विचार करा.

महिला बचत गटाच्या बैठकीत जाऊन विचारा. घरची डाळ कधी करायची, कुठे करायची हे बहुतेक घरात बायकाच ठरवतात. पुरुष मंडळी पारावर ‘टाक की, आम्ही येतो’ म्हणतात, त्या शब्दावर कर्ज काढू नये. बचत गटातल्या बाई सांगतील, ‘त्या मिलला डाळीचा चुरा फार होतो’ किंवा ‘तिथं आपल्या तुरीत दुसऱ्याची मिसळते.’ तुमच्या धंद्याची खरी संधी या दोन वाक्यांत आहे.

मशीन, जागा आणि लाईट

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भ-मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी दिसते. तशाच पद्धतीच्या इतर कंपन्यांच्याही मिल मिळतात. कुठलीही घ्या, किमान तीन ठिकाणची कोटेशन आणा, आणि तीच मिल जिथे दोन वर्षांपासून चालू आहे त्या माणसाला भेटा. रोलर किती दिवसात झिजतो, दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी येतो, हे विकणारा सांगत नाही, वापरणारा सांगतो.

मशीनची ताशी क्षमता आणि रोजचं काम यात मोठा फरक आहे. तुरीचं साल घट्ट असतं. ती एकदा रोलरमधून काढून सालावर चरे पाडायचे, मग तेलाचा हात द्यायचा, ढीग करून मुरवायची, दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची, मध्ये पाण्याचा हात द्यायचा, तेव्हा कुठे साल सुटून डाळ फुटते. म्हणजे तूर दोनदा-तीनदा मशीनवर चढते आणि मधले दिवस अंगणात पडून असते. त्यामुळे तासाला एक क्विंटल म्हणणारी मिलसुद्धा एका माणसाच्या हाताखाली दिवसाला सरासरी तीन क्विंटल तयार डाळीचं काम देईल असं धरलं तर फसगत होत नाही. आणि वाळवायला जागा लागते. शेड दहा बाय पंधराची चालेल, पण समोर फरशी किंवा कोबा केलेलं अंगण पाहिजे, ताडपत्री पाहिजे, शेळ्या-कोंबड्यांपासून आडोसा पाहिजे. हा खर्च रिपोर्टमध्ये सहसा नसतोच.

लाईटचं आधीच बोलून घ्या. शेतीपंपाच्या कनेक्शनवर मिल चालवता येत नाही, वेगळं कनेक्शन घ्यावं लागतं. गावठाणच्या लाईनवर थ्री फेज किती तास असतो, डीपीवर लोड घ्यायला जागा आहे का, हे लाईनमनला विचारा आणि मग महावितरणच्या कार्यालयात अर्ज करा. मशीन येऊन पडलं आणि मीटरच बसला नाही, अशी मिल आपल्या तालुक्यात शोधायला लांब जावं लागणार नाही.

आता उदाहरणाचा खर्च मांडू. मशीन, मोटर, बसवणी मिळून २,४०,००० रुपये. शेड आणि अंगण ८०,०००. लाईट कनेक्शन आणि वायरिंग ३०,०००. हाताशी खेळतं भांडवल ५०,०००. एकूण ४,००,०००. यात दहा टक्के म्हणजे ४०,००० आपले, ३,६०,००० बँकेचे. व्याज ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली तर महिन्याचा हप्ता साधारण ७,८०० रुपये बसतो. हप्ता काढायला मोबाईलवर ईएमआय कॅल्क्युलेटर आहे, रक्कम, व्याज, मुदत टाकली की झालं.

एका क्विंटलमागे हातात काय राहतं

मजुरी क्विंटलला ८०० रुपये मिळते असं धरू. त्यातून लाईट, तेल, मदतीला लावलेला माणूस, रोलरची झीज असे मिळून ३५० रुपये त्याच क्विंटलवर खर्च होतात. राहिले ४५०. लक्षात घ्या, ८०० ही कमाई नाही, ४५० आहे. आणि तीसुद्धा अजून तुमची नाही.

कारण मिल बंद असली तरी काही खर्च चालूच राहतो. बँकेचा हप्ता ७,८००. लाईटचा स्थिर आकार ६०० धरू. विमा, दुरुस्ती, फोन-पेट्रोल यांचे वर्षाचे १९,२००, म्हणजे महिन्याला १,६००. बेरीज बरोबर १०,००० रुपये महिना, वर्षाला १,२०,०००.

१,२०,००० भागिले ४५०. उत्तर येतं २६७ क्विंटल. वर्षात एवढी तूर भरडली तर नफा नाही, तोटा नाही. व्यापारी याला ना-नफा-ना-तोटा बिंदू म्हणतात, बँकवाले ब्रेक इव्हन म्हणतात. पहिल्या पानावर आपण काय लिहिलं होतं? अख्ख्या गावाचं काम १८७ क्विंटल. म्हणजे २५० उंबऱ्याच्या एका गावावर ही मिल चालत नाही, हे मशीन घ्यायच्या आधी कळलं. या एका भागाकारासाठी कुणालाही फी द्यावी लागत नाही.

समजा चार गावं मिळून ४०० घरं येतील अशी खात्री आहे. मग ३०० क्विंटल झाले. ३०० गुणिले ४५० म्हणजे १,३५,०००, त्यातून १,२०,००० गेले, राहिले १५,०००. रोज तीन क्विंटलने हे काम शंभर दिवसांचं आहे. धुळीत, उन्हात शंभर दिवस काम करून दिवसाला १५० रुपये. खुरपणीला गेलं तरी यापेक्षा जास्त रोज पडतो.

आपल्या शेतकऱ्यांची जुनी सवय आहे, स्वतःची मजुरी हिशेबात धरायची नाही. शेतात धरत नाही, धंद्यातही धरत नाही. धंद्यात तरी धरा. वर्षाला निदान ६०,००० रुपये घरात यावेत असं वाटत असेल तर १,८०,००० भागिले ४५०, म्हणजे ४०० क्विंटल पाहिजेत. आणि शेजारच्या गावात दुसरी मिल आली, तुम्हाला मजुरी ७०० करावी लागली तर? क्विंटलमागे ३५० राहतील, आणि नुसता खर्च निघायलाच ३४३ क्विंटल लागतील. शंभर रुपयांच्या फरकाने ७६ क्विंटल काम वाढलं.

बारा महिन्यांचा कागद

प्लॅनमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान हे आहे. विकतच्या रिपोर्टमध्ये वर्षाचा आकडा एका ओळीत असतो, पण हप्ता दर महिन्याला असतो. वहीच्या पानावर बारा आडव्या ओळी ओढा. प्रत्येक ओळीत महिना, किती क्विंटल, हातात आलेले, गेलेले, शिल्लक.

डाळ करायचं काम उन्हावर चालतं. तूर घरात येते डिसेंबर-जानेवारीत, डाळ होते उन्हाळ्यात. आपल्या ३०० क्विंटलची वाटणी अशी धरू: जानेवारी २०, फेब्रुवारी ६०, मार्च ८०, एप्रिल ८०, मे ५०. जून ते ऑक्टोबर शून्य, कारण वाळवायला ऊन नाही आणि घरोघरची डाळ डब्यात भरून झालेली असते. नोव्हेंबरमध्ये दिवाळीनंतर थोडं १० क्विंटल, डिसेंबर शून्य.

क्विंटलला ४५० प्रमाणे जानेवारीत ९,००० येतात आणि १०,००० जातात, म्हणजे हजाराची तूट. फेब्रुवारीत १७,००० उरतात. मार्चमध्ये २६,०००, एप्रिलमध्ये २६,०००, मे महिन्यात १२,५००. मे अखेर हातात ८०,५०० रुपये. माणसाला वाटतं, धंदा जोरात आहे.

मग जून येतो. सोयाबीनची बॅग, खत, ट्रॅक्टरची पेरणी, पोरांच्या शाळेच्या फिया. मिलच्या गल्ल्यातले पैसे शेतात जातात आणि ते चुकीचं वाटतही नाही, कारण घर एकच आहे. पण जून ते ऑक्टोबर पाच महिन्यांचे ५०,००० रुपये त्याच गल्ल्यातून जायचे होते. जुलैचा हप्ता उशिरा, ऑगस्टचा चुकला, सप्टेंबरचाही गेला. हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की कर्जखातं एनपीएमध्ये जातं. तिथून अनुदान अडकतं, सिबिल बिघडतं आणि पुढच्या वर्षी पीककर्जाला गेलं की तिथेही तेच निघतं. मशीन चांगलं, काम चांगलं, तरी मिल बंद पडते ती अशी. मंदी नाही, स्पर्धा नाही, नुसते पाच कोरडे महिने.

यावर उपाय कागदावरच करता येतो. मिलचं बँक खातं वेगळं ठेवा. मे अखेरच्या ८०,५०० मधून पाच महिन्यांचे ५०,००० लगेच बाजूला काढा, आवर्ती ठेव नाहीतर छोटी मुदत ठेव करा. शेतीला द्यायचे ते उरलेल्यातून द्या. आणि बँकेत कर्जाचं बोलणं चालू असतानाच विचारा, हंगामाप्रमाणे हप्ते बांधून मिळतील का. उन्हाळ्यात मोठे, पावसाळ्यात छोटे. सगळीकडे मिळेलच असं नाही, पण हा बारा महिन्यांचा कागद समोर ठेवून विचारलं तर साहेब निदान ऐकून घेतात.

दुसरी गोष्ट, सुरुवात कोणत्या महिन्यात करायची. समजा फाईल उशिरा हलली, मशीन ऑगस्टमध्ये आलं आणि हप्ता लगेच सुरू झाला. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरचे ३०,०००, नोव्हेंबरची तूट ५,५००, डिसेंबरचे १०,०००, जानेवारीचे १,०००. फेब्रुवारीत खरं काम सुरू होईपर्यंत ४६,५०० रुपये गेले. खेळतं भांडवल ५०,००० होतं, राहिले ३,५००. तेच मशीन जानेवारीत बसवलं असतं तर ही तूट आलीच नसती. म्हणून कर्ज मंजूर झालं की लगेच उचलायची घाई करू नका, आणि पहिल्या काही महिन्यांची हप्त्याची सवलत मागून घ्या. तिला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. त्या काळातलं व्याज माफ होत नाही, पण श्वास घ्यायला वेळ मिळतो.

पावसाळ्यात शेडमध्ये दुसरं काय चालेल, हाही प्रश्न याच पानावर सुटतो. त्याच कनेक्शनवर गहू-ज्वारीची चक्की बसवली तर तिला बाराही महिने काम असतं. बेसन, मसाला, मिरची कांडप यांचाही विचार होतो, पण मिरचीचाही हंगाम उन्हाळाच आहे, म्हणजे रिकामे महिने रिकामेच राहतात. जोडधंदा निवडताना तो जून ते ऑक्टोबरमध्ये पैसे देतो का, एवढंच बघा.

स्वतः तूर घेऊन डाळ विकायची असेल तर

यात पैसा जास्त दिसतो आणि धोकाही. एक क्विंटल तूर ७,५०० ला घेतली. भरडाई ३५०, बारदाना आणि वाहतूक १५०. झाले ८,०००. त्यातून ७० किलो डाळ निघाली, ११५ ने विकली तर ८,०५०. चुरी-साल मिळून २५ किलो, १८ रुपयांनी जनावरांना गेली, ४५०. आले ८,५००, म्हणजे क्विंटलमागे ५०० रुपये सुटले.

आता डाळीचा उतारा ७० ऐवजी ६६ किलो पडला असं बघा. डाळीचे झाले ७,५९०, चुरी-साल २९ किलोचे ५२२, एकूण ८,११२. सुटले फक्त ११२. चार किलो डाळीने जवळजवळ सगळा नफा खाल्ला. उतारा कशावर ठरतो? तूर नीट वाळलेली आहे का, दाणा एकसारखा आहे का, तेल-पाण्याचा हात बरोबर बसला का आणि रोलरची धार. लाल तूर, पांढरी तूर, बीडीएन-७११ किंवा बीएसएमआर-७३६ असे वेगवेगळे वाण एकत्र मिसळून चढवले की दाण्यांच्या आकारात फरक पडतो, बारीक दाणा सालासकट निघतो आणि मोठा फुटून चुरा होतो. वाणानुसार आणि चाळून वेगळी करून भरडलेली बरी. म्हणून विकायचा धंदा करण्याआधी आपल्या घरच्या तुरीचे दोन-तीन क्विंटल दुसऱ्याच्या मिलवर भरडून घ्या आणि किलोकिलोचं वजन लिहून ठेवा. तो उतारा प्लॅनमध्ये घाला, कंपनीच्या माहितीपत्रकातला नको.

पैसा किती अडकतो तेही बघा. खेळत्या भांडवलाच्या ५०,००० मध्ये ७,५०० च्या भावाने सात क्विंटलसुद्धा येत नाहीत. वीस क्विंटल घ्यायची म्हटलं तर दीड लाख लागतात. वाळवण्यात आठवडा जातो, आणि किराणा दुकानदार ‘महिन्याने देतो’ म्हणाला तर तेच पैसे पुन्हा फिरायला सव्वा महिना लागतो. तोपर्यंत तुरीचा भाव कुठे जातो ते आपल्याला नवीन सांगायला नको.

लातूरच्या मोठ्या डाळ मिलशी भावात बरोबरी करायला जाऊ नका. ते गाड्यांनी माल घेतात, त्यांचा उतारा चांगला आणि क्विंटलमागचा खर्च कमी. गावच्या मिलचं गिऱ्हाईक वेगळं आहे. पॉलिश नसलेली, गावच्या तुरीची, ओळखीच्या माणसाकडची डाळ पाहिजे असणारी नोकरदार कुटुंबं तालुक्याला आणि पुण्यात आहेत. आपल्याच गावातून पुण्याला गेलेली किती घरं आहेत ते मोजा, तीसुद्धा बाजारपेठच आहे. पण तेही रोखीने.

अनुदान: धरायचं, पण पहिल्या हिशेबात नाही

आपल्याकडे बरेच जण धंदा ठरवत नाहीत, योजना ठरवतात. ३५ टक्के अनुदान आहे ना, मग काहीतरी टाकू. हे उलटं झालं.

डाळ मिलसारख्या उद्योगाला प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, म्हणजे पीएमएफएमई, ही कृषी विभागाकडून राबवली जाणारी योजना लागू पडते. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे आणि स्वतःचे किमान १० टक्के घालायचे असतात. अर्ज आणि प्रकल्प आराखडा करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन योजनेतून मिळतं, अर्जदाराने त्यांना पैसे द्यायचे नसतात. कुणी ‘फाईल करून देतो, एवढे टक्के’ म्हणत असेल तर आधी तालुका कृषी अधिकारी कार्यालय गाठा.

दुसरी पीएमईजीपी. नवीन उद्योगालाच मिळते. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ टक्के. स्वतःचे अनुक्रमे १० आणि ५ टक्के. अर्ज खादी ग्रामोद्योग किंवा जिल्हा उद्योग केंद्रामार्फत. राज्य सरकारची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनाही अशीच आहे. एकाच मशीनवर दोन योजनांचं अनुदान घेता येत नाही. योजनांची मुदत, अटी बदलत राहतात, त्यामुळे यावर्षी अर्ज चालू आहेत का, हे फाईल करण्याआधी विचारा.

अनुदान हातात येत नाही, हे मात्र पक्कं समजून घ्या. ती रक्कम बँकेत वेगळी ठेवली जाते. तीन वर्षे उद्योग चालू राहिला, खातं नियमित राहिलं, तर कर्जात वळती होते. आपल्या उदाहरणात खेळतं भांडवल वगळून ३,५०,००० वर ३५ टक्के म्हणजे १,२२,५०० होतात. तेवढी रक्कम सोडून बँकेने हप्ता बांधला तर तो ५,१६० च्या आसपास येतो आणि खर्च निघायला २६७ ऐवजी १९७ क्विंटल पुरतात. मोठी मदत आहे. पण हिशेब दोन वेळा करा, आधी अनुदानाशिवाय, मग अनुदानासह. पहिल्या हिशेबात जो धंदा अगदीच बुडतो, तो तीन वर्षे टिकेपर्यंत अनुदान कुठून वळतं होणार?

बँकेत काय बघतात

मॅनेजर साहेब तुमच्या रिपोर्टच्या जाडीकडे बघत नाहीत. सिबिल बघतात. कर्जमाफी येईल म्हणून पीककर्ज थांबवून ठेवलेलं असेल तर ते तिथे लाल अक्षरात दिसतं. कुणाला जामीन राहिला असाल आणि त्याने भरलं नसेल तर तेही. अर्ज करण्याआधी आपला सिबिल अहवाल काढून बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

मग ते एक आकडा काढतात, त्याला डीएससीआर म्हणतात. अर्थ सोपा आहे: हप्ता भरायला वर्षाला किती पैसे उपलब्ध आहेत आणि हप्ता किती आहे. आपल्या ३०० क्विंटलच्या हिशेबात १,३५,००० मधून हप्ता सोडून बाकीचा खर्च २६,४०० गेला, उरले १,०८,६००. हप्ते ९३,६००. भागाकार १.१६. बँकांना साधारण दीड लागतो. म्हणून रिपोर्टवाले क्विंटल वाढवून दीड करून देतात. तुम्ही वाढवू नका. त्याऐवजी मशीन छोटं घेता येईल का, मुदत सात वर्षे करता येईल का, चक्की जोडून उत्पन्न वाढतं का, हे बघा.

साहेबांनी विचारलं, ‘तूर कुठून येणार, गिऱ्हाईक कोण?’ तर वही उघडून चार गावांची घरं, शेजारच्या मिलची मजुरी, आपला उतारा सांगा. सीएने केलेला रिपोर्ट द्यावाच लागला तर जरूर घ्या, पण त्यात आकडे तुमच्या वहीतले घालायला लावा. सही करण्याआधी प्रत्येक आकडा कुठून आला ते त्याला विचारा.

कागदपत्रं थोडक्यात: आधार, पॅन, बँक पासबुक, जागेचा गावठाणातला नमुना आठ किंवा सातबारा, जागा भाड्याची असेल तर करार, ग्रामपंचायतीचं ना हरकत, मशीनची जीएसटी असलेली कोटेशन, लागू असेल तर जातीचा दाखला. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्या वेबसाईट सरकारी नाहीत. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयची नोंदणी लागते. वजनकाटा वैध मापन विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. शेतात शेड टाकायची असेल तर आधी तहसीलला विचारा. डाळ पाकिटात भरून लेबल लावून विकणार असाल तर जीएसटीचंही विचारून घ्या, सुट्ट्या डाळीचा आणि पाकिटाचा नियम वेगळा आहे.

शिकून घ्यायचं असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत म्हणजे आरसेटीत मोफत निवासी प्रशिक्षण असतं, आणि कृषी विज्ञान केंद्रातही डाळ प्रक्रियेची माहिती मिळते.

पुढच्या उन्हाळ्याला मिल चालू करायची असेल तर वेळ उलटीकडून मोजा. जानेवारीत मशीन उभं राहिलं पाहिजे. म्हणजे डिसेंबरपर्यंत मीटर, नोव्हेंबरपर्यंत शेड, दिवाळीच्या आत कर्ज मंजूर, आणि बँकेत फाईल पावसाळ्यातच. घरं मोजायचं आणि शेजारच्या मिलवर जाऊन बसायचं काम त्याच्याही आधीच्या एप्रिल-मे महिन्यात, कारण जूननंतर तिथे बघायला काही नसतं.